सूटपत्रातली ती एक ओळ

मराठी बायबलात घटस्फोटाच्या कागदाला 'सूटपत्र' म्हणतात. बायको टाकायची तर तिला सूटपत्र द्यावं, हा जुना नियम येशू मत्तयाच्या शुभवर्तमानात सांगतो आणि लगेच त्याला हरकत घेतो. त्या एवढ्याशा नियमात दोन क्रिया आहेत, टाकणं आणि सूट देणं. मराठी कानाला त्यातलं अंतर समजावून सांगावं लागत नाही. 'टाकलेली' बाई आपल्या गावोगाव होती. नवरा नांदवत नाही, सोडतही नाही, स्वतः दुसरी करून मोकळा होतो आणि हिचा जन्म माहेरच्या ओसरीवर जातो. काडीमोड झालेली बाई वेगळी. ज्या जातींत पाटाची चाल होती तिथे काडी मोडली की तिला दुसरं घर करता येई. टाकलेली आणि मोकळी या दोन अवस्थांच्या मधे घटस्फोटाचा जो कागद उभा असतो, त्याला ज्यू कायद्यात 'गेट' म्हणतात. दाराच्या इंग्रजी शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. पण दाराची उपमा पुढे उपयोगी पडणार आहे.

मूळ नियम बायबलच्या जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २४व्या अध्यायाच्या पहिल्या चार वचनांत आहे. मोशेने इथे घटस्फोटाला परवानगी दिली असं सर्रास समजतात. नीट वाचलं तर ही चार वचनं मिळून एक लांबलचक 'जर–तर' आहे. जर पुरुषाला बायकोत 'एर्वत दावार', म्हणजे काहीतरी लाजिरवाणं आढळलं, जर त्याने 'सेफर केरितूत', म्हणजे तोडल्याचं पत्र लिहून तिच्या हातात दिलं, जर ती जाऊन दुसऱ्याची झाली, आणि जर त्या दुसऱ्यानेही तिला सोडलं किंवा तो मेला, तर पहिल्याने तिला परत घेऊ नये. आज्ञा आहे ती एवढीच, शेवटची. पत्र लिहिणं, हातात देणं, घराबाहेर पाठवणं ही आधीपासूनची वहिवाट होती, कायदा ती गृहीत धरतो. तिने मधे दुसरं लग्न केलं नसेल तर नवरा तिला परत घेऊ शकतो, फक्त तो 'कोहेन' म्हणजे याजककुळातला नसावा, कारण कोहेनला घटस्फोटितेशी लग्न करायची मनाई आहे. पण दुसरं घर झालं की मागचं दार कायमचं बंद. पुढचं मात्र उघडं, आणि ते उघडं ठेवण्यासाठीच पत्र.

गेटमध्ये काय लिहायचं, हे मिश्नेच्या 'गित्तिन' या भागात आलं आहे. मिश्ना म्हणजे रब्बींच्या, ज्यू धर्मपंडितांच्या, कायद्याचा संग्रह; ती इ.स. २००च्या सुमारास संकलित झाली आणि घटस्फोटाच्या कागदाला तिने नऊ अध्याय दिले. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य शेवटच्या अध्यायात येतं. गेटचा गाभा काय? 'पाहा, तू कोणत्याही पुरुषाला मोकळी आहेस.' आमचं पटलं नाही, मी तुला सोडतो, आपला संबंध संपला, यातलं काहीही गाभा नाही. गाभा पुढच्या लग्नाचा आहे. त्याच्या शेजारीच गुलाम स्त्रीच्या मुक्तिपत्राचा गाभा दिला आहे : 'तू स्वतंत्र आहेस, तू तुझी आहेस.' दोन्ही दस्त एकाच जातीचे मानले जात.

या गाभ्याला जरा धक्का लागला तर काय होतं? समजा, नवऱ्याने गेट देताना म्हटलं, 'तू कोणालाही मोकळी आहेस, फक्त अमक्याला सोडून.' रब्बी एलिएझर म्हणतात, चालेल. बाकीचे पंडित म्हणतात, नाही. मग त्याने काय करावं? ते तिच्याकडून परत घ्यावं आणि पुन्हा देताना 'तू कोणत्याही पुरुषाला मोकळी आहेस' असं म्हणावं. पण ती अट तोंडी नसून कागदात लिहिली असेल, तर मागाहून खोडली तरी तो कागद बाद. आपल्या मेहुण्याशी किंवा शेजाऱ्याशी तिने लग्न करू नये असं वाटणारे नवरे तेव्हाही होतेच. कायद्याचं म्हणणं, एका माणसापुरता धरलेला दोरासुद्धा दोराच.

कागद कशाचा, याबद्दल मिश्ना थक्क करण्याइतकी उदार आहे. ऑलिव्हच्या पानावर लिहा, गाईच्या शिंगावर लिहा आणि गाय देऊन टाका, गुलामाच्या हातावर लिहा आणि गुलाम देऊन टाका. गालीलचे रब्बी योसे इथे म्हणतात की जिवंत प्राण्यावर आणि खाण्याच्या वस्तूवर नको. शाई, गेरू, डिंक चालेल. फळांचा रस चालत नाही, कारण तो टिकत नाही. जमिनीला चिकटलेल्या वस्तूवर लिहू नये, कारण पत्र लिहिलं की ते नुसतं देता आलं पाहिजे, मधे तोडण्या-उपटण्याचं काम राहता कामा नये.

साहित्याबाबत एवढी मोकळीक आणि मजकुराबाबत केसाचीही नाही. गेट 'तिच्यासाठी म्हणून' लिहिलेलं असावं लागतं. मिश्नेतलं उदाहरण असं : एक माणूस रस्त्याने चालला आहे, लेखनिक सरावाचा मजकूर मोठ्याने वाचत बसले आहेत की अमक्या गावचा अमका अमकीला सोडतो. याच्या कानावर पडतं आणि हा म्हणतो, अरे, हे तर माझंच नाव आणि माझ्याच बायकोचं! तो कागद त्याला चालत नाही. एकाच नावाच्या दोन बायका असतील तर थोरलीसाठी लिहिलेलं धाकटीला देता येत नाही. छापील फॉर्मसारखे मजकूर तयार ठेवायला लेखनिकांना मुभा आहे, पण नवऱ्याचं नाव, बायकोचं नाव आणि तारीख यांची जागा कोरी हवी. तारखेवरूनही वाद आहेत. तालमूदातलं, म्हणजे मिश्नेवरच्या चर्चांच्या ग्रंथातलं, एक मत म्हणतं, तारीख नसेल तर व्यभिचार करणाऱ्या नात्यातल्या बायकोला नवरा मागाहून गेट देऊन वाचवेल. दुसरं मत हिशेबी आहे : बायकोच्या शेताचं उत्पन्न नवरा कोणत्या दिवसापर्यंत खाऊ शकतो, हे ठरवायला तारीख लागते.

नावांतली फसवणूक जुनी आहे. पूर्वी नवरा टोपणनावाने गेट लिही, गावाचं नाव बदली. पहिल्या शतकातले ज्यू आचार्य रब्बान गमलिएल थोरले यांनी ठरवून दिलं की 'अमका आणि त्याला जी जी नावं असतील ती' असं लिहावं. आणखी एक खोडी होती. गेट दूताबरोबर रवाना करायचं आणि ते पोचायच्या आत दुसऱ्या गावी तीन माणसं बसवून रद्द करायचं. बायको बिचारी मोकळी झाल्याच्या समजुतीने दुसरं लग्न करी. गमलिएलनी तेही बंद केलं. कारण दिलं आहे दोन शब्दांत, 'तिक्कुन ओलाम', जगाची घडी नीट राहावी म्हणून. आज हे शब्द फार मोठ्या आदर्शांसाठी वापरतात. मिश्नेत ते अशा फसव्या नवऱ्यांच्या संदर्भात येतात, हे मला जास्त आवडतं.

आजही गेट बारा ओळींचं असतं. हिब्रू अक्षरांच्या मोजणीत 'गेट' शब्दाची बेरीज बारा होते, असं एक कारण परंपरा देते. भाषा अरामी. अक्षराला अक्षर चिकटू द्यायचं नाही. एका शब्दात एक 'योद' जास्त पडली तर 'आणि हे' ऐवजी 'आणि न्याय' असा अर्थ निघेल, म्हणून ती गाळायची. 'तेरुखिन' या शब्दातला 'वाव' चांगला लांब ओढायचा, नाहीतर तो 'योद'सारखा दिसेल आणि शब्दाचा अर्थच बदलेल. लेखनिक आपला कागद, शाई, लेखणी आधी नवऱ्याला बक्षीस देतो, कारण साहित्य नवऱ्याच्या मालकीचं हवं. नवरा ते परत लेखनिकाच्या हाती देऊन तोंडाने सांगतो, माझ्यासाठी, तिच्यासाठी, सोडण्यासाठी लिही. दोन साक्षीदार सह्या करतात. बायको अंगठ्या काढून ओंजळ पसरते, नवरा घडी केलेलं गेट त्या ओंजळीत सोडतो आणि ते शब्द म्हणतो. ती मूठ मिटते, कागद उचलते, काखेत धरून चार पावलं चालते. तो आता तिचा झाला. मग रब्बी तो कागद कापतात, पुन्हा कोणी वापरू नये आणि कोणी त्यात खोट काढू नये म्हणून, आणि दोघांना वेगळा दाखला देतात. लगेच लग्न मात्र नाही. तीन महिने थांबायचं, मूल झालं तर बाप कोण याची शंका राहू नये म्हणून.

हे सगळं पुस्तकी नव्हतं, याचा पुरावा वाळवंटात सापडला. मृत समुद्राजवळच्या वादी मुरब्बाआतच्या गुहांतून एक अरामी गेट मिळालं. नाक्सानचा मुलगा योसेफ मसादात राहणाऱ्या योनाथानच्या मुलीला, मिर्यामला, मोकळं करतो आहे : जा, हव्या त्या ज्यू पुरुषाची बायको हो. वर्ष 'सहावं'. ते रोमविरुद्धच्या बंडापासून मोजलं तर इ.स. ७१च्या आसपासचं, म्हणजे बंडखोरांचा मसादाचा किल्ला अजून रोमनांच्या हाती पडायचा होता. मला त्यातलं एक कलम फार बोलकं वाटतं : तू मागशील तेव्हा, मी जिवंत असेपर्यंत, हा कागद तुला नव्याने करून देईन. कागद हरवला तर बाई पुन्हा अडकणार, हे त्या लिहिणाऱ्याला माहीत होतं.

आता पैसा. लग्नाच्या वेळी नवरा 'केतुबा' लिहून देतो : कुमारिकेला दोनशे झूझ, विधवेला किंवा घटस्फोटितेला शंभर. झूझ म्हणजे दिनार. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात येशूने मजुराला दिवसाचा एक दिनार दिला आहे, त्यावरून अंदाज करावा. मिश्ना दुसरीकडे म्हणते की ज्याच्यापाशी दोनशे झूझ आहेत त्याने गरिबांच्या वाट्याचं धान्य घेऊ नये. म्हणजे दोनशे झूझ ही दारिद्र्याची रेषा. सोडलेली बायको त्या रेषेच्या खाली जाऊ नये एवढीच ही तजवीज, चैनीची नव्हे.

ही तजवीज बसायलाही वेळ लागला. तालमूदात त्याचा क्रम सांगितला आहे. सुरुवातीला ही रक्कम बापाच्या घरी ठेवत. नवरा चिडला की म्हणे, 'जा तुझ्या केतुब्याकडे!' मग ती सासऱ्याच्या घरी ठेवू लागले, तिची सोन्याचांदीची भांडी करू लागले. तरी तेच : 'घे तुझा केतुबा आणि चालू लाग.' पैसा बाजूला तयार होता, म्हणून राग स्वस्त होता. शेवटी इ.स.पू. पहिल्या शतकात शिमोन बेन शेताह यांनी ठरवलं की रक्कम वेगळी ठेवायचीच नाही; 'माझी सगळी मालमत्ता तुझ्या केतुब्याला तारण' असं नवऱ्याने लिहून द्यावं. आता सोडायचं तर शेत विकायला काढावं लागणार. रात्रीत राग निवळायला हे पुरतं.

म्हणूनच हिलेल आणि शम्माय या दोन ज्यू गुरूंच्या घराण्यांतला, म्हणजे शिष्यपरंपरांतला, प्रसिद्ध वाद वाचताना जपून वाचावा. शम्मायवाले म्हणत, अनैतिक वर्तन आढळलं तरच सोडावं. हिलेलवाले म्हणत, तिने जेवण करपवलं तरी चालेल. रब्बी अकिवा त्याही पुढे : दुसरी अधिक देखणी दिसली तरी. वाचून आपण हिलेलला दुष्ट ठरवतो. पण करपलेल्या कालवणासाठी सोडणाऱ्याला केतुबा मोजावा लागे. वाद कारण पुरेसं आहे का, एवढाच होता. कोणत्याही कारणाने दिलेलं गेट दोन्ही घराण्यांना वैधच होतं. आणि तोच भाग संपतो रब्बी एलाझारांच्या वाक्याने, की जो पहिली बायको सोडतो त्याच्यासाठी वेदीसुद्धा आसवं गाळते.

खरा अन्याय दुसरीकडे आहे. मिश्ना स्वच्छ सांगते : बाई तिच्या इच्छेने किंवा इच्छेविरुद्ध सोडली जाते, पुरुष मात्र स्वेच्छेनेच सोडतो. इ.स.पू. पाचव्या शतकात, आजच्या अस्वानजवळच्या एलेफंटाइन बेटावरच्या ज्यू वसाहतीत असं नव्हतं. तिथल्या लग्नाच्या करारांत बायकोही मंडळीत उभी राहून 'मी माझ्या नवऱ्याचा द्वेष करते' म्हणू शके. मग तराजूपाशी बसून द्वेषाची चांदी तोलून द्यायची आणि आपलं आणलेलं घेऊन हवं तिकडे जायचं. रब्बींच्या कायद्यात ही वाट बुजली. त्याऐवजी न्यायालय नवऱ्याला भाग पाडू शके. अंगावर फोड असलेला, नाकात मांस वाढून घाण येणारा, कुत्र्याची विष्ठा गोळा करणारा, तांबे वितळवणारा, कातडी कमावणारा, अशांना गेट द्यायला लावत. (कातडी कमावायला विष्ठा लागे, म्हणजे वासाचा प्रश्न.) लग्नाआधी तिने वास कबूल केला असला तरी ती म्हणू शके, 'सोसेल वाटलं होतं, सोसत नाही.' हे रब्बी मेईर यांचं मत, आणि मानवी स्वभावाची इतकी जाण असलेलं कलम मी फार थोड्या कायद्यांत पाहिलं आहे. नवरा अडून बसला तर 'मी राजी आहे' म्हणेपर्यंत त्याला मारायचं. ते 'राजी' किती खरं, यावर पंडितांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. मधे इ.स. १०००च्या सुमारास माइन्झच्या रब्बेनू गेर्शोम यांच्या नावे दोन बंद्या आल्या : दुसरी बायको करायची नाही, आणि बायकोच्या मर्जीविना गेट द्यायचं नाही. पण नवरा बेपत्ता असेल किंवा हट्टाला पेटला असेल तर बाई 'अगुना', नांगर टाकून अडकलेली. इस्रायलमध्ये १९९५च्या कायद्याने अशा नवऱ्याला तुरुंगात टाकता येतं. काहीजण तुरुंग पत्करतात, गेट देत नाहीत.

आणि गेटमध्ये खोट राहिली तर? तर दुसरं लग्न व्यभिचार ठरतं आणि त्यातलं मूल 'मामझेर'. त्याने इतर ज्यूंशी लग्न करायचं नाही, त्याच्या मुलांनीही नाही. इथे ही गोष्ट थेट कोकणात येते. अलिबाग-पेणच्या बाजूचे आपले बेने इस्राएल ज्यू, तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे 'शनिवार तेली', १९४८नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तिथे काही रब्बींनी त्यांची लग्नं लावायला नकार दिला. शंका ही की शतकानुशतकं कोकणात राहताना यांच्यात गेट नियमाप्रमाणे लिहिलं गेलं नसेल, सोडलेल्या बायकांची दुसरी लग्नं झाली असतील, तर वंशात मामझेर असू शकतात. १९६२ साली मुख्य रब्बी मंडळाने त्यांच्या आज्या-पणज्यांपर्यंत चौकशी करण्याच्या सूचना काढल्या. मराठी बोलणाऱ्या बायाबापड्यांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, आणि १९६४ साली तिथल्या संसदेने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू आहेत. त्यानंतर रब्बी मंडळाने सूचनांतून त्यांचं नाव काढलं. अक्षराला अक्षर चिकटू नये ही काळजी नागावच्या एखाद्या घराण्याला दोनशे वर्षांनी अशी भोवली.

येशूकडे येऊ. मत्तयात परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे ज्यू, त्याला विचारतात, 'कोणत्याही कारणावरून बायको सोडणं योग्य आहे काय?' हा हिलेल-शम्मायचाच प्रश्न. मार्काच्या शुभवर्तमानात 'कोणत्याही कारणावरून' हे शब्द नाहीत, पण जागा आहे यार्देनेच्या पलीकडची. तो मुलूख हेरोद अंतिपाचा. अंतिपाने नबातींच्या राजाची, अरेताची मुलगी सोडून सावत्रभावाच्या बायकोशी, हेरोदियाशी लग्न केलं होतं. 'हे तुला योग्य नाही' म्हणणाऱ्या बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं डोकं उडालं होतं. त्या मुलखात घटस्फोटावर मत विचारणं म्हणजे सापळा लावणं. हेरोदांच्या घरात बायकाही नवऱ्यांना सोडत. थोरल्या हेरोदाच्या बहिणीने, शलोमेने नवऱ्याला सूटपत्र धाडलं होतं आणि हे ज्यू कायद्याला धरून नाही, असं इतिहासकार जोसेफसने मुद्दाम नोंदवलं आहे. मार्कातच फक्त 'बायकोने नवऱ्याला टाकलं तर' असं वाक्य का येतं, याचं एक कारण इथे असावं. दुसरं कारण रोम, जिथे बायको सोडू शकत असे.

येशू 'अनुवाद' बाजूला सारून 'उत्पत्ती' या बायबलच्या पहिल्या पुस्तकाकडे जातो : नर-नारी असं निर्माण केलं, ती दोघं एकदेह. मृत समुद्रकाठच्या पंथाच्या 'दमास्कस दस्तऐवजा'तही दोन बायकांविरुद्ध हेच 'नर-नारी' वचन दिलं आहे, म्हणजे युक्तिवाद अगदीच परका नव्हता. परका होता तो निष्कर्ष. टाकलेलीशी जो लग्न करतो तो व्यभिचार करतो, याचा अर्थ गेटमधली ती ओळ खोटी आहे. कागद आहे, सह्या आहेत, पण ती मोकळी नाही. ऐकून शिष्य म्हणाले, असं असेल तर लग्न न केलेलंच बरं. इतकी सरळ, घरगुती प्रतिक्रिया शुभवर्तमानात क्वचितच येते. मत्तय एक फट ठेवतो, 'पोर्नेया' म्हणजे व्यभिचाराचं कारण सोडून. पाचव्या अध्यायातली त्याची ग्रीक शब्दरचना शम्मायच्या 'देवार एर्वा'शी जुळते. मार्क आणि लूक ही फट ठेवत नाहीत. पुढची दोन हजार वर्षं या दोन-तीन शब्दांवर गेली आहेत.

शुभवर्तमानं लिहिली जाण्याआधी, इ.स. ५०–६०च्या दरम्यान, प्रेषित पौलाने करिंथकरांना पत्र लिहिलं. प्रभूची आज्ञा म्हणून तो सांगतो : बायको वेगळी झाली तर तिने लग्नाविना राहावं किंवा नवऱ्याशी समेट करावा. इथे दारं उलटी झाली. मागचं उघडं, पुढचं बंद. मग तो स्वतःचं मत म्हणून जोडतो की अविश्वासी जोडीदार सोडून गेला तर विश्वासी माणूस 'बद्ध नाही'. ग्रीक क्रियापद गुलामीचं आहे. मुक्तिपत्र आणि गेट शेजारी ठेवणारी मिश्ना इथे आठवतेच.

दुसऱ्या शतकातला रोमचा ख्रिस्ती लेखक हर्मास हे उलटं तत्त्व सगळ्यात उघड मांडतो. बायको व्यभिचारात राहत असेल तर तिला घालवावं, पण आपण दुसरी करू नये. का? ती पश्चात्ताप करून परत आली तर घरात जागा हवी म्हणून. अनुवादात परत घेणं अमंगळ. इथे परत घेता यावं म्हणून पुनर्विवाह वर्ज्य. क्षमा मधे आली की कायदा असा उलटतो. ही दया आहे, पण न परतणाऱ्या जोडीदारासाठी जागा राखत दुसऱ्याने म्हातारं व्हायचं, हीही तिचीच किंमत.

प्रत्यक्षात सगळे इतके कडक नव्हते. तिसऱ्या शतकात ख्रिस्ती पंडित ओरिगेन नोंदवतो की काही मंडळीप्रमुखांनी नवरा जिवंत असताना बाईला लग्न करू दिलं. शास्त्राविरुद्ध, पण अगदीच विनाकारण नाही, असं तो म्हणतो. चर्चच्या ३१४च्या आर्ल परिषदेने व्यभिचारी बायकोच्या तरुण नवऱ्यांना पुन्हा लग्न करू नये असा 'सल्ला' द्यायला सांगितलं. पुरुषाला सल्ला; स्पेनमधल्या एल्विराच्या परिषदेने त्याच अवस्थेतल्या बाईला मनाई केली होती. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनचा ३३१चा कायदाही बघा. नवरा खुनी, विषप्रयोग करणारा किंवा थडगी फोडणारा असेल तर बायकोने सोडावं. दारुडा, जुगारी, बाहेरख्याली असेल तर नाही. तरी सोडलंच तर केसातल्या काट्यासकट सगळं नवऱ्याच्या घरी ठेवायचं आणि बेटावर हद्दपार. केतुब्याच्या बरोबर उलटं गणित.

पाचव्या शतकात बिशप ऑगस्टिनने पश्चिमेकडच्या चर्चपुरता निकाल लावला. लग्नाची गाठ बाप्तिस्म्याच्या खुणेसारखी, माणसं दूर गेली तरी पुसत नाही. पूर्वेकडच्या चर्चने आदर्श तोच ठेवला, पण पडलेल्या माणसाला सांभाळून घेण्याची वाट काढली. दुसरं लग्न लागतं, पण त्याच्या प्रार्थना पश्चात्तापाच्या. निओकेसरियाच्या परिषदेने चौथ्या शतकातच सांगितलं होतं की दुसरेपणाच्या लग्नाच्या जेवणाला पाद्र्याने जाऊ नये. आपल्याकडे पाट किंवा मोहतूर रात्री, वाजंत्रीविना उरकत. लग्न खरं, पण 'लग्न' म्हणायचं नाही, त्याची आठवण होते. तिसरं कसंबसं, चौथं अजिबात नाही. बायझंटाइन सम्राट सहावा लिओ याने वारसासाठी चौथं केलं तेव्हा पॅट्रिआर्कने, म्हणजे तिथल्या चर्चच्या प्रमुखाने, त्याला चर्चच्या दारात अडवलं. ९२०च्या जाहीरनाम्याने चौथं कायमचं बंद झालं.

पश्चिमेत फक्त 'शेज आणि पानापुरता' वेगळेपणा उरला : एकत्र राहू नका, पण लग्न टिकून आहे. मिश्नेच्या हिशेबी हे गाभा काढून घेतलेलं गेट. मग लोकांनी वळसा शोधला, लग्न झालंच नव्हतं असं सिद्ध करायचा. पौलाची सवलत मात्र राहिली, आणि ती चक्क हिंदुस्थानच्या कायद्यात शिरली. १८६६च्या धर्मांतरितांच्या विवाहविच्छेद कायद्यानुसार ख्रिस्ती झालेल्याला जोडीदाराने सहा महिने टाकलं तर न्यायालयात जाता येई. न्यायाधीश त्या जोडीदाराला विचारी, नांदायचं आहे का? नकार आला तर एक वर्ष थांबून पुन्हा विचारायचं, आणि मगच सोडवणूक. १८६९च्या घटस्फोट कायद्यात नवऱ्याला नुसता बायकोचा व्यभिचार पुरे. बायकोला व्यभिचाराबरोबर क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग असं आणखी काही सिद्ध करावं लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये त्यावर आघात केला, २००१च्या दुरुस्तीने ते संपलं.

आज वसईच्या किंवा पुण्याच्या कॅथलिक बाईला पुन्हा चर्चमध्ये लग्न करायचं असेल तर दोन कागद लागतात. न्यायालयाचा हुकूमनामा, कारण चर्चच्या निकालाने कायद्यातलं लग्न सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं. आणि चर्चच्या न्यायमंडळाचा शून्यतेचा, म्हणजे लग्न मुळात झालंच नव्हतं असा, निकाल. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी दोन मंडळांच्या एकमताची अट काढल्यापासून तो एका निकालात मिळू शकतो. त्या दुसऱ्या कागदाच्या तळाशी कधीकधी 'वेतितुम' नावाची एक नोंद असते : या व्यक्तीने धर्मप्रांताची परवानगी घेतल्याशिवाय पुन्हा लग्न करू नये. ज्या दोषामुळे पहिलं लग्न शून्य ठरलं तो अजून गेलेला नसेल, म्हणून. नोंद काढून घेता येते. मिश्नेतल्या पंडितांपुढे असा कागद आला असता तर त्यांनी ती ओळ खोडली आहे का, हेही विचारलं नसतं. नवीन लिही, म्हणाले असते.